न्हाणीच्या भिंतीवरचं इंग्रजी

आमचे अण्णा गेले तेव्हा माझं इंग्रजीचं व्याकरण निम्मंच झालं होतं. 'टू' लावून चालणारी क्रियापदं झाली होती आणि 'आयएनजी'वाली राहिली होती. आता कुणी म्हणेल, बाप गेल्याचं सांगताना ही बाई व्याकरण काय घेऊन बसली. पण मला ते असंच आठवतं, त्याला काय करू? पुस्तकात त्या पानाशी त्यांनी विड्यांच्या बंडलाचा कागद खुणेला घातला होता, आणि तो कागद हलवायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही.

सालाचं म्हणाल तर बहात्तरच्या दुष्काळाचं. आमचं गाव कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. अण्णा साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर होते. गाडी काट्यावर चढली की वजन बघायचं आणि पावती फाडायची, एवढंच काम. शिक्षण सातवी. कारखान्यात केमिस्ट, इंजिनियर अशी माणसं आपसात इंग्रजी बोलायची, आणि अण्णांना कायम वाटायचं की ती आपल्याबद्दलच बोलतायत. म्हणायचे, "मला उत्तर द्यायचं न्हाई गं. नुसतं कळलं तरी बास." म्हणून त्यांनी आठवडेबाजारातनं एक जुनं व्याकरणाचं पुस्तक आणलं होतं. त्याला पुढचा पुठ्ठा नव्हता, त्यामुळे ते कुणी लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मी त्यांची एकुलती. मार्चमध्ये मॅट्रिकला बसले, जूनमध्ये निकाल लागला. सगळ्यात पास आणि इंग्रजीत नापास. आमचे चुलते, काका म्हणायचे मी त्यांना, शेजारच्याच घरात राहायचे. ते ओट्यावर येऊन म्हणाले, "झालं? हौस फिटली? आता चुलीपुढं बसवा." अण्णांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "ऑक्टोबरला परत बसायचं. मी शिकवतो."

खरं तर त्यांना तरी कुठं येत होतं? पण रोज संध्याकाळी काम आटपलं की ओट्यावर बसायचे, एक पाय खाली सोडून, आणि मोठ्या आवाजात चालू व्हायचे. "वॉन्ट टू. होप टू. प्रॉमिस टू. डिसाइड टू. रिफ्यूज टू." मी म्हणायचे, "आय वॉन्ट गो." ते म्हणायचे, "जू कुठाय?" कारण त्यांचं म्हणणं असं, की 'टू' म्हणजे जू. एक क्रियापद म्हणजे गाडी आणि दुसरं क्रियापद म्हणजे बैल. "ज्वाशिवाय बैल गाडीला जुंपशील का? मग 'वॉन्ट'ला 'गो' कसा जुंपतीस?" हे माझ्या डोक्यात असं बसलं की बसलंच. शाळेतल्या मास्तरांनी वर्षभर छडी हातात धरून जे जमवलं नव्हतं, ते त्या जुवानं जमवलं.

मग ते पुढचं पान आलं. क्रियापदाला 'आयएनजी' लावून त्याचं नाम करायचं. अण्णांनी ते दोनदा वाचलं, डोकं खाजवलं. म्हणाले, "क्रियापदाचं नाम कसं हुईल? बैलाचा मानूस झाला म्हनल्यासारखं हाय हे. ऱ्हाऊ दे. उद्या बघू." आणि तो कागद घातला.

दुसऱ्या दिवशी गाळपाचा हंगाम नसतानाही काट्याच्या दुरुस्तीला त्यांना बोलावलं होतं. येताना फाट्यावरच्या लिंबाखाली विडी ओढायला सायकल थांबवली आणि तिथंच बुंध्याला टेकून बसले ते बसलेच. छातीत कळ आली असणार. लोकांना वाटलं, डुलकी लागली. सायकल स्टँडवर नीट उभी होती.

दहावा नदीवर झाला. आषाढ सरत आला तरी पाऊस नव्हता. नदीत पाणी कुठलं? वाळूत झिरा उकरून पिंडापुरतं पाणी काढलं. पिंडाजवळ अण्णांच्या आवडीचं सगळं मांडलं, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, बशीत चहा आणि विड्यांचं बंडल. आता बघा, दुष्काळानं कावळे असे हपापलेले होते की बाळगोपाळांच्या हातातली भाकरी हिसकून न्यायचे. भटजी म्हणाले होते, "हल्ली वाट बघावीच लागत नाही, आपणच लवकर बाजूला व्हायचं." आम्ही बाजूला झालो. बाभळीवर कावळे ओळीनं बसले होते. माना तिरप्या करून बघत होते. एकही खाली उतरेना.

आमच्याकडे कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात. मग जो तो मोठ्यानं वचन द्यायला लागतो. मुलगा नव्हता म्हणून क्रियेला काका बसले होते. नुकतंच डोकं भादरलेलं, वरून ऊन. त्यांनी हात जोडून हाक दिली, "दादा, वैनीला अंतर देनार न्हाई!"

कावळे गप्प.

काट्यावरचे एक सोबती पुढं झाले. "दादा, तुमची सायकल कुनाला इकू देनार न्हाई!"

कुणीतरी फिसकन हसलं. कावळे गप्प.

"दादा, पोरीचं लगीन थाटात करू! ह्याच वर्सात करू!" काका ओरडले. त्याबरोबर एक कावळा उठला आणि लांबच्या झाडावर जाऊन बसला. गावातली एक म्हातारी माझ्या मागं उभी होती, ती म्हणाली, "लगीन नगं म्हनतोय बघ." बायांच्यात कुजबुज झाली. भटजींनी दर्भ हातात घेतला. आता दर्भाचाच कावळा करून शिववतात की काय असं झालं. दर्भाचा कावळा म्हणजे माणूस नाराज गेला यावर शिक्का.

तेव्हा आई बोलली. दहा दिवस तिच्या तोंडून शब्द नव्हता. पदर डोक्यावरून पुढं ओढून म्हणाली, "भावजी, इंग्रजी म्हना."

"काय?"

"इंग्रजी. पोरीचं इंग्रजी ऱ्हायलंय त्यांचं."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळं गाव जमलेलं, भावकी जमलेली. पण त्यांनी हात वर केले आणि असे ओरडले की पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असेल, "दादा! पोरीला इंग्रजीत पास करू! ऑक्टूबरला करू! माझा शबूद हाय!"

एक कावळा आला. थेट पिंडावर. दुसरा भरितावर. लोक एकदम हसलेही आणि रडलेही. मी बायांत उभी होते, माझे पाय वाळूत रुतले होते. माझ्या एका विषयासाठी बाप वर अडकून राहिलाय, हे सगळ्या गावासमोर ठरलं होतं.

दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या परसातल्या न्हाणीच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला. कावळा भिंतीवर बसतो यात नवल काय? पण अण्णांना न्हाणी फार प्यारी. उन्हाळ्यातही कढत पाणी लागायचं, आणि आत बसून व्याकरण म्हणायचे. आई चुलीपुढून उठली, पहिली भाकरी मोडली, तुकडा भिंतीवर ठेवला. मग मला म्हणाली, "म्हन."

"काय म्हणू?"

"ते रोज म्हनून घ्यायचे ते. मोठ्यानं म्हन. त्यांना ऐकू दे."

मी म्हटलं. "आय वॉन्ट टू गो. आय होप टू पास. आय प्रॉमिस टू वर्क." कावळ्यानं तुकडा उचलला आणि गेला. आई म्हणाली, "बरं म्हनलीस वाटतं."

तेव्हापासून रोजचंच झालं. मला आधी लाज वाटायची, शेजारपाजारचे ऐकायचे. मग भीती वाटायला लागली. कारण एकदा मी मुद्दाम चाचपून बघायला 'टू' गाळला, आणि माझ्या कानात स्पष्ट आलं, 'जू कुठाय?' त्यांच्याच आवाजात, शेवट वर उचलून. मागं वळून बघितलं, तर आई चुलीतली राख भरत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. का कोण जाणे. तो आवाज माझ्या एकटीच्या वाट्याचा राहावा असं वाटलं असेल.

पण पुढचं पान कोण शिकवणार? आमच्या गावापासून जवळ मिशनच्या वस्तीत एक रिटायर झालेल्या शिक्षिका राहायच्या. ख्रिस्ती होत्या, नवरा वारलेला, अंगणात तुळशीसारखी जपलेली जाईची वेल. मी पुस्तक घेऊन गेले. बाईंनी तो विड्यांचा कागद उचलला आणि विचारलं, "हे काय?" मी सगळं सांगितलं, कावळ्यासकट. मला वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "आमच्यात कावळ्याला विचारत नाहीत. आमच्यात माणूस गेला की देवाघरी पोचला, असं आहे." मग दाराकडे बघितलं. तिथं कोपऱ्यात एक काठी उभी होती. "तरी ह्यांची काठी मी अजून दाराशीच ठेवते. बाहेर जाताना शोधत बसतील म्हणून."

त्यांनी मला सोपं करून दिलं. म्हणाल्या, "जे अजून व्हायचंय, त्याला बहुतेक वेळा 'टू' लागतो. इच्छा, आशा, वचन, निश्चय. आणि जे झालंय, चाललंय, हातातलं आहे, त्याला 'आयएनजी'. आवडणं, टाळणं, संपवणं, सोडून देणं. एन्जॉय रीडिंग. अव्हॉइड गोइंग. फिनिश रायटिंग. सगळीकडे हे लागू होत नाही, पण तुझ्या पेपरापुरतं भागेल."

मला पटलं. अण्णांनी मला फक्त व्हायच्या गोष्टी शिकवल्या होत्या. झालेल्या गोष्टींचं पान राहिलं होतं.

एकदा बाई म्हणाल्या, "आता एक क्रियापद बघ, त्याला दोन्ही चालतात पण अर्थ वेगळा होतो. स्टॉप. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग', म्हणजे त्यानं विडी सोडली. 'ही स्टॉप्ड टू स्मोक', म्हणजे विडी ओढायला तो वाटेत थांबला." आणि फळ्यावर खडूनं लिहायला लागल्या. मी उठले आणि बाहेर जाईपाशी जाऊन उभी राहिले. बाईंना काही माहीत नव्हतं, त्यांनी पुस्तकातलं उदाहरण दिलं होतं. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या, हातात पाण्याचा तांब्या. म्हणाल्या, "दुसरं वाक्य घेऊ आपण."

इकडे घरात वेगळंच शिजत होतं. काकांनी सोनईचं स्थळ आणलं होतं. दहा-बारा एकर, विहिरीला दुष्काळातही पाणी, मुलगा सोसायटीत कारकून. आमच्याकडे बाप गेला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, असं मानतात. काका म्हणाले, "वैनी, सोनईवाले थांबनार न्हाईत. मार्गशीर्षात उरकू."

आई म्हणाली, "आदी परीक्षा."

"आवो, शबूद दिला ती येळच तशी हुती. कावळा भरताला आला, इंग्रजीला न्हाई."

"मग जावा आनि तसं त्याला सांगा. त्यो बगा बसलाय."

काकांनी न्हाणीच्या भिंतीकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घेतली. त्यांचे डोळे खोल गेले होते. आम्हाला वाटायचं, दुष्काळाची काळजी. बैल विकायला निघाले होते, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. पण त्यांचं दुखणं दुसरंच होतं.

आता इथून पुढचं मला नीट सांगता यायला हवं. माझ्यासाठी आई चुलत्याशी भांडली, मिशनच्या बाईंकडे पाठवताना लोकांची बोलणी खाल्ली. आणि परीक्षा जशी जवळ आली तशी तीच बदलायला लागली. आज दळण आण. आज पाण्याच्या टँकरला नंबर लाव. आज माझं डोकं चढलंय, बाईंकडे जाऊ नको. कंदिलात रॉकेल आहे म्हणून बघावं तर नसायचं. सकाळी भिंतीपाशी मी भराभरा म्हणायला लागले की म्हणायची, "सावकाश. येवढी घाई कशाला?" मला कळेचना. मी चिडायचे. एकदा बोलले, "तुझ्यामुळंच नापास होणार मी." त्यावर तिच्या तोंडावर जे आलं ते दुःख नव्हतं. सुटका होती. मला ते तेव्हा दिसलं, आणि अर्थ लागला नाही.

पेपराच्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. "पोटात कळ येतीय. मला टाकून जातीस?" मी चपला काढून तिच्याजवळ बसले. अण्णांची कळ आठवली. एवढ्यात दाराशी काका, सायकल घेऊन. अण्णांचीच सायकल. म्हणाले, "चल. कोपरगावला पोचाया पायजे."

"आईला—"

"तुजी काकू बसती तिच्यापाशी. तू चल."

मी मागं बसले. फाट्यावरचा लिंब आला तेव्हा काकांनी सायकल वेगात काढली, बघितलं नाही तिकडे. मग पुढं गेल्यावर, मान न वळवता म्हणाले, "पास हो बाई. मला झोप न्हाई. डोळा लागला की दादा येतोय, उशाशी बसतोय, आनि इचारतोय, 'झालं का?' येवढंच. रागावत न्हाई. येवढंच इचारतोय."

पेपरात गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. पहिल्या वाक्याला हात लावला आणि आवाज आला. जू कुठाय? मी जू लावलं. दुसऱ्याला लावलं. इतका जवळून आवाज की शेजारच्या बाकावरच्या मुलीनं ऐकला नाही याचं मला नवल वाटलं. मग 'एन्जॉय' आलं, 'अव्हॉइड' आलं. मी थांबले. आवाज नव्हता. वाट बघितली, खरंच, पेपर सोडून वाट बघितली. पण त्यांना ते पान येतच नव्हतं. पंखा नाही, वारा नाही, नुसती टाकांची कुरकुर. तिथून पुढं मी एकटी होते. बाईंनी सांगितलेलं आठवून आठवून लिहिलं आणि घामानं कागद ओला झाला.

घरी आले तर आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. पोटाचं नावही नाही. "कसा गेला?" असंही विचारलं नाही.

निकाल मार्गशीर्षात लागला. शाळेत जाऊन बघितला. पास. काठावर, पण पास. मी पळत आले, आईच्या गळ्यात पडले. ती तशीच उभी राहिली, पिठाचे हात अंगापासून लांब धरून. मग म्हणाली, "मंजी झालं त्यांचं काम." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग आता कशाला येतील?"

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर मला जाग आली ती तिच्या आवाजानं. परसात कुणाशी तरी बोलत होती. दाराच्या फटीतून बघितलं. भिंतीवर कावळा, आणि आई दोन्ही हातांत भाकरी धरून उभी. नव्या नवरीसारखी खालमानेनं बोलत होती, जन्मभर त्यांच्याशी बोलली तशी.

"नापास झाली हो पोरगी. काय करावं. परत बसवते मी. तुमी काळजी करू नका. तुमी येत जावा."

मला बाहेर जाता येईना आणि आतही जाता येईना. परीक्षेआधीचं तिचं सगळं वागणं मला त्या फटीतून एकदम कळलं. मी पास झाले म्हणजे अण्णा सुटणार. अण्णा सुटले म्हणजे मला सोनईला देणार. मग त्या दोन खोल्यांत तिनं कुणाला भाकरी मोडून द्यायची?

तेवढ्यात काका आले, परसाच्या वाटेनं. हातात पेढ्यांचा पुडा, डोक्यावर धुतलेली टोपी. उजळ चेहऱ्याचे काका मी कितीतरी महिन्यांत बघितले नव्हते. "वैनी, सरा बाजूला. दादाला गोड देतो आनि मोकळा हुतो."

आई हलली नाही. "सांगितलंय मी."

"काय सांगितलंय?"

"नापास झाली म्हनून."

काका आधी हसले. मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही. "आवो वैनी! मेल्या मानसाशी खोटं?"

"जित्तेपनी कदी बोलले न्हाई. आता एकदा बोलले."

"आनि माजं काय? मी शबूद दिलाय. रोज उशाशी यून बसतोय त्यो. झालं का, झालं का. मला मोकळं व्हायचंय वैनी."

आईनं मान वर केली. दिराच्या तोंडाकडे तिनं सरळ बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "तुमच्या उशाशी बसत्यात व्हय?" ती म्हणाली. "रोज?"

काकांनी मान हलवली.

"तुमच्याशी बोलत्यात?"

"येवढंच बोलतोय…"

"माज्या उशाशी एकदा सुदिक आले न्हाईत. सपनात न्हाई, कशात न्हाई. मी जागते, मी झोपते, मी हाका मारते." तिनं भिंतीकडे हात केला. "मला ह्यो येवढाच हाय."

मीही दाराआड उभी होते, आणि माझ्या कानातला तो आवाज मी तिच्यापासून लपवलेला होता.

काकांनी पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. टोपी काढली. डोक्यावर केस आता बोटभर आले होते. कावळ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. दार किलकिलं होतं, मी त्यांना दिसले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. सोनईची विहीर दिसत असणार त्यांना माझ्यापाठीमागं, आणि त्यांची स्वतःची झोप. मग ते भिंतीकडे वळले, घसा खाकरला.

"दादा," ते म्हणाले, "पोरगी…" आणि थांबले. मग नेटानं म्हणाले, "पोरगी अजून शिकतीय. वैनीच्या मनात हाय तवर शिकंल. माजा शबूद हाय."

कावळा बसलेलाच राहिला. आईनं डोळे पुसले नाहीत, भाकरीचा तुकडा भिंतीवर ठेवला. काका माझ्याजवळ आले, पुडा माझ्या हातात कोंबला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आत नेऊन ठेव. त्याला दावू नगंस. वास यील." आणि मग, जरा लाजल्यासारखे, "सोनईवाल्यांना कळवतो काईतरी."

मी पुडा फडताळात ठेवून येते न येते तोच आईची हाक आली. "आज काय शिकायचं हाय?"

शिकायचं काही राहिलंच नव्हतं. पोर्शन संपला होता, परीक्षा झाली होती. पण ती वाट बघत होती, आणि काकाही न्हाणीच्या दगडावर टेकले होते. मी पुस्तक आणलं. मागच्या बाजूचं, कधीच न उघडलेलं एक पान काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती, नखानं सोडवावी लागली.

"मोठ्यानं," आई म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड करून वाचायला लागले. एका शब्दाचाही अर्थ मला कळत नव्हता.